षटकोनी कीबोर्डवर श्रुतींची मांडणी

षटकोनी पट्ट्यांच्या कीबोर्डवर श्रुती (सप्तकातील सूक्ष्म स्वरस्थाने) मांडताना सप्तकाचे ५३ समान भाग करावेत, म्हणजे प्रत्येक भाग सुमारे २२.६ सेंटचा (सेंट म्हणजे सप्तकाचा १२०० वा भाग) होतो. उजवीकडील पट्टीला ९, वर-उजवीकडील पट्टीला ५ आणि खाली-उजवीकडील पट्टीला ४ भागांचे अंतर दिल्यास षड्जाला लागूनच अनुक्रमे शुद्ध, कोमल आणि अतिकोमल रिषभ मिळतात. शिवाय हीच ठेवण कोणत्याही पट्टीला षड्ज मानले तरी बदलत नाही, हा या मांडणीचा फार मोठा गुण आहे. मांडणी झाल्यावर मिरजेचा चांगल्या जवारीचा (तारेच्या गुंजनयुक्त झंकाराचा) तंबोरा छेडून खर्जाच्या तारेतून उमटणाऱ्या गांधाराशी षड्जापासून १७ व्या भागाची पट्टी ताडून पाहावी. फरक जेमतेम दीड सेंट असल्याने आंदोलने (दोन जवळचे स्वर एकत्र वाजताना आवाजात होणारे चढउतार) अतिशय संथ ऐकू यायला हवीत. ती जलद असतील तर आधी षड्जच पुन्हा जुळवावा.