मुंबई तुंबली म्हणून तिफण बाहेर काढू नका

जून लागला की मुंबईत कामाला असलेल्या पोरांचे, भावांचे फोन सुरू होतात. "इकडं लई पाऊस, लोकल बंद, रस्त्यावर गुडघाभर पाणी." टीव्हीवरही तेच. फोन ठेवला की इकडं मराठवाड्यात आपले हात पेरणीसाठी शिवशिवायला लागतात. आभाळ तर आपल्याकडंही भरून आलेलं असतं, वारं गार झालेलं असतं, वखरणी होऊन रान तयार असतं. शेजाऱ्यानं तिफण, म्हणजे पेरणीचं अवजार, जुंपली की मग राहवत नाही.

काही वर्षांपूर्वी मी असाच घाईला आलो होतो. रोहिणी नक्षत्रात एक चांगली सर झाली, मुंबईहून भावाचा फोन आला, आणि दुसऱ्या दिवशी चार एकर सोयाबीन पेरून मोकळा झालो. पुढं आठ दिवस नुसतं वारं. नवव्या दिवशी तासात, म्हणजे पेरलेल्या ओळीत, बोट घालून बी उकरलं. टरफल सुटलेलं, मोड आलेला, पण पांढरा नव्हता, तपकिरी पडला होता आणि बोटांत धरताच मोडत होता. बी, खत, मजुरी सगळं दुसऱ्यांदा करावं लागलं. म्हणून कळकळीनं सांगतो, मुंबईच्या पावसाचा आणि आपल्या पेरणीचा मेळ घालू नका.

मुंबईचं हवामानच वेगळं आहे. शहर समुद्राला लागून, हवेत बारा महिने दमटपणा. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पाचे ढग सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि कोकणात अन् घाटमाथ्यावर रिते होतात. मुंबईत पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. मराठवाड्याची सरासरी साडेसहाशेच्या आसपास. म्हणजे एकट्या जुलैत मुंबईला जेवढा पडतो, तेवढा आपल्याला अख्ख्या पावसाळ्यात मिळत नाही. घाट उतरून वारं आपल्याकडं येईपर्यंत त्यातलं पाणी सांडलेलं असतं, आणि खाली उतरताना ते वारं उलट कोरडं होत जातं. जून-जुलैत तुम्ही पाहिलं असेल, मावळतीकडून उगवतीकडं काळं आभाळ नुसतं पळत राहतं. अंगावर भुरभुर येते, मातीची धूळही बसत नाही. हे आभाळ म्हणजे मुंबईचं उरलंसुरलं. आपला भरवशाचा पाऊस बऱ्याचदा दुसऱ्या बाजूनं येतो. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार होऊन ते ओडिशा, छत्तीसगड, विदर्भ असं पुढं सरकलं की मराठवाडा भिजतो. त्यामुळं बातम्यांत मुंबईच्या पाण्यापेक्षा नागपूरकडं काय चाललंय, याकडं जास्त कान द्या.

2025 साल आठवा. 26 मे रोजीच मान्सून मुंबईत पोचला. एरवी त्याची तारीख 11 जून. सगळीकडं आनंद झाला. पण नंतर तो जवळपास दोन-अडीच आठवडे अडकून पडला, आणि मेमधल्या ओलीवर विसंबून ज्यांनी पेरलं त्यांचा जीव टांगणीला लागला. मान्सून लवकर आला म्हणजे तो लागून राहील असं नसतं. "मराठवाड्यात मान्सून दाखल" ही बातमीसुद्धा तुमच्या वावरातली ओल सांगत नाही.

मग पेरायचं कधी? आपल्या शिवारात 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्यावर, आणि तोही दोन-चार दिवसांत मुरवणीचा. दोन तासांत धो धो पडून बांध फोडून गेलेला पाऊस यात धरू नका. काळ्या रानाला उन्हाळ्यात भेगा पडलेल्या असतात, माती तापलेली असते. 20-25 मिलिमीटर पाणी वरच्यावर उडून जातं. बी फुगण्यापुरती ओल मिळते, रुजण्यापुरती मिळत नाही. पाऊस उघडला की वाफसा येऊ द्या, म्हणजे चिखल जाऊन माती पेरण्याजोगी ओलसर होऊ द्या. खुरप्यानं वीतभर उकरून पाहा. तळाची माती मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा आणि टाकल्यावर तो फुटावा. मध्ये कोरडा थर लागला तर थांबा.

पाऊस मोजायला कुणाची वाट पाहू नका. सरळ उभ्या भिंतींचा, तळाला आणि तोंडाला सारख्याच रुंदीचा एक डबा घ्या, झाडापासून आणि घरापासून लांब उघड्यावर पक्का ठेवा. रोज सकाळी पोराची शाळेची पट्टी घालून पाणी मोजा, कॅलेंडरवर लिहा आणि डबा रिकामा करा. माझ्या लेखी हा डबा कुठल्याही अंदाजापेक्षा मोलाचा आहे. 26 जुलै 2005 ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, त्याच दिवशी त्याच शहरात कुलाब्याला पाऊणशेही नाही. एका शहरात एवढा फरक पडतो, तर महसूल मंडळाच्या गावचा आकडा तुमच्या रानाला कसा लागू होईल? तरी महावेध या राज्याच्या हवामान केंद्रांच्या प्रकल्पाचे मंडळवार आकडे पाहत जा, आणि परभणीच्या कृषी विद्यापीठाचा मंगळवारी-शुक्रवारी येणारा हवामान सल्ला वाचा. पुढच्या चार-पाच दिवसांत पावसाचा खंड आहे का, याचा अंदाज त्यातून येतो.

थांबण्याचे दिवस वाया घालवू नका. घरचं सोयाबीन बियाणं असेल तर उगवण तपासा. 2025 च्या सप्टेंबरात उभी पिकं पाण्यात राहिली, तेव्हापासून घरच्या बियाण्यावर डोळे झाकून विश्वास ठेवायला माझं मन धजत नाही. शंभर दाणे ओल्या गोणपाटात ओळीनं मांडून गुंडाळी करा, सावलीत ठेवा, पाणी शिंपडत राहा, सहा-सात दिवसांनी चांगले कोंब मोजा. सत्तर निघाले तर एकरी 30 किलो, साठ निघाले तर 35. त्याखाली असेल तर बियाणं बदललेलं बरं. बुरशीनाशकाची प्रक्रिया आधी, रायझोबियम हे जिवाणू खत पेरणीच्या जरा आधी, आणि बी सावलीतच सुकवा. सोयाबीनचं टरफल नाजूक असतं, जोरात चोळू नका. पेरताना तीन-चार सेंटिमीटरच्या खाली बी जाऊ देऊ नका.

रुंद वरंबा सरीवर, म्हणजे दोन सऱ्यांमधल्या रुंद उंचवट्यावर, पेरलं तर खंडात ओल टिकते आणि सप्टेंबरच्या झडीत पाणी सरीतून निघून जातं. आपल्या भागात हे दोन्ही एकाच हंगामात घडतं, म्हणून मी ही पद्धत सोडत नाही. सोयाबीनच्या चार तासांनंतर तुरीचे दोन तास असूच द्या. पेरणीनंतर पावसानं ओढ दिली तर ओळींमधून कोळपं (माती हलवायचं अवजार) चालवा, भेगा बुजतात.

उशीर झाला म्हणून घाबरू नका. मूग-उडीद जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, सोयाबीन आणि कापूस 15 जुलैपर्यंत चालतो. आर्द्रा नक्षत्र कोरडं गेलं तर मूग-उडदाचा हट्ट सोडा. जुलैचा मध्यही उलटला तर सोयाबीनऐवजी तूर, बाजरी, सूर्यफुलाचा विचार करा.

आणि एक. पहिल्या पावसाबरोबर आपल्याकडं विजा फार पडतात. ढग गडगडला की तिफण जागेवर सोडा, बैल झाडाखाली बांधू नका, स्वतःही झाडाखाली उभे राहू नका. फोनमध्ये विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप ठेवा आणि रानात गेलेल्या बायामाणसांना वेळेत घरी बोलवा.