या चुका टाळा: दिव्यांग उमेदवाराचं कौशल्य आणि मदतीची गरज तपासताना

दिव्यांग उमेदवाराला काम जमेल का, हा प्रश्न गोव्यात सहसा दोन टेबलांवर येतो. एक टेबल विशेष शाळेतल्या किंवा संस्थेतल्या समुपदेशकाचं, दुसरं वेर्ण्याच्या नाहीतर कुंडईच्या कारखान्यातल्या एचआरचं. दोन्हीकडे उत्तर बहुतेकदा एका शब्दात येतं, जमेल किंवा जमणार नाही. कुठलं काम, कुठल्या जागी, कोणाच्या हाताखाली आणि कोणती मदत मिळाली तर, हे सोबत लिहिलं नसेल तर त्या एका शब्दाच्या भरवशावर कोणाची नोकरी ठरवू नये. खाली लिहिलेल्या बहुतेक चुका या एका शब्दाच्या घाईतूनच होतात.

कार्डावरचा आकडा म्हणजे कौशल्य नव्हे

यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाची टक्केवारी लिहिलेलं सरकारी ओळखपत्र, हातात घेतल्या घेतल्या अर्धा निर्णय होऊन जातो. ७० टक्के म्हटलं की ‘कठीण दिसतंय’, ४० म्हटलं की ‘बघूया’. वैद्यकीय मंडळाची टक्केवारी शरीराच्या किंवा मनाच्या कार्यात कायमची उणीव किती आहे ते सांगते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात ४० टक्क्यांची रेघ आहे ती आरक्षण आणि लाभांची पात्रता ठरवण्यासाठी. माणूस बिलं करू शकेल की नाही, पॅकिंगच्या पट्ट्यावर उभा राहू शकेल की नाही, हे त्या आकड्यात कुठेच नसतं.

दोन्ही पायांना पोलिओ असलेल्या माणसाचा आकडा मोठा असतो, पण संगणकावर बसून करायच्या कामात त्याला कदाचित रॅम्प आणि शौचालयातला आधाराचा दांडा एवढंच लागेल. उलट मानसिक आजार असलेल्या एखाद्या मुलीच्या कार्डावर जेमतेम ४० असतात, पण रात्रीच्या औषधाची गुंगी सकाळी नऊपर्यंत उतरत नाही. तिला सातची शिफ्ट दिली तर आठवड्यात काम सुटेल. दहाची दिली तर ती पूर्ण दिवस नीट भरेल.

सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ओमकार गोंड प्रकरणात वैद्यकीय प्रवेशापुरतं हेच सांगितलं आहे. नुसत्या टक्केवारीवरून अपात्र ठरवायचं नाही, त्या विद्यार्थ्याला अभ्यासक्रम प्रत्यक्ष करता येईल का ते मंडळाने तपासायचं. त्याआधी २०२१ मध्ये विकास कुमार प्रकरणात न्यायालयाने ४० टक्क्यांच्या आत असलेल्या उमेदवारालाही लेखनिक (परीक्षेत उत्तरं लिहून देणारा मदतनीस) नाकारता येत नाही असा निकाल दिला. त्यामुळे ‘कार्ड नाही, म्हणजे मदतीची गरज नाही’ असं अहवालात लिहू नका.

मणी ओवायला लावून लाँड्रीचं काम कळत नाही

बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांच्या बाबतीत ही चूक सर्वांत जास्त होते. बुद्ध्यांक आणि सामाजिक परिपक्वता मोजणाऱ्या चाचण्या प्रमाणपत्रासाठी लागतात, तेवढं त्यांचं काम. पण त्याच गुणांवरून ‘साधी, एकसुरी कामं करू शकेल’ असं वाक्य लिहिलं जातं आणि ते मुलाच्या फाइलमध्ये वर्षानुवर्षं राहतं. अमेरिकेत मार्क गोल्ड यांनी १९७० च्या दशकात अशाच ‘जमणार नाही’ शिक्का बसलेल्या लोकांना सायकलचा १५ भागांचा ब्रेक जोडायला शिकवला. त्यांनी काम बारीक पायऱ्यांत फोडलं आणि शिकवण्याची पद्धत बदलली. शिकणाऱ्याला जमत नसेल तर आधी शिकवणाऱ्याने काहीतरी वेगळं करून पाहायचं, हा त्यांचा आग्रह होता, आणि मला तो आजही शंभर टक्के पटतो.

कांदोळी-कळंगुटच्या एखाद्या हॉटेलातलं टॉवेल घडी करण्याचं काम घ्या. बाहेरून पाहिलं तर एकच काम. आत उभं राहून पाहिलं की त्यात सहा कामं सापडतात. ड्रायरमधून गरम ढीग काढणं, मोठे आणि हाताचे टॉवेल वेगळे करणं, डाग पाहणं, डाग असलेला बाजूला टाकणं, कडा आत राहील अशी घडी करणं, दहा-दहाच्या थप्प्या लावणं. उमेदवार घडी सुरेख घालतो, पण दोन ठिकाणी अडकतो, डाग ओळखण्यात आणि दहा मोजण्यात. घाईत तपासणारा इथं ‘काम अपूर्ण’ लिहून मोकळा होतो.

याच जागी मूल्यमापन खऱ्या अर्थाने सुरू होतं. कपाटाच्या कडेला दहा टॉवेलांच्या उंचीवर रंगीत पट्टी चिकटवा, मोजायची गरजच उरत नाही. खऱ्या डागाचे तीन-चार कापडी तुकडे भिंतीवर टाचून ठेवा, म्हणजे ‘खराब’ म्हणजे काय ते डोळ्यांसमोर राहील. टेबल खिडकीजवळ किंवा ट्यूबलाइटखाली आणा. आणि मग पुन्हा तपासा. एवढं करूनही डाग सुटत असतील, तर ती पायरी शेजारच्या सहकाऱ्याकडे द्या आणि त्याच्या वाटणीच्या थप्प्या याच्याकडे. अहवालात या चार ओळी आल्या तर सुपरवायझरला त्यांचा उपयोग आहे. ‘लक्ष कमी, मध्यम प्रगती’ या शेऱ्याचं तो काय करणार?

एका तासाची चाचणी एकाच दिवशी उरकू नका. तीन-चार वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वेळी, शक्य असेल तर प्रत्यक्ष कामाच्या जागी पाहा. स्वमग्न मुलगा शांत खोलीत उत्तम जुळणी करतो आणि कॉम्प्रेसरच्या आवाजात कानांवर हात ठेवून बसतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि दोन्ही लिहायला हव्यात.

भाषेची परीक्षा घेऊन कौशल्याचे गुण देऊ नका

गोव्यात हे फार सहज होतं. घरात कोकणी, शाळा मराठी किंवा इंग्रजी, फॉर्म इंग्रजी, आणि कारखान्यातला सुपरवायझर हिंदी बोलणारा. सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या मुलीला इंग्रजी फॉर्ममधला प्रश्न मराठीत सांगितला जातो, ती कोकणीत विचार करून चाचरत उत्तर देते, आणि शेरा येतो ‘आकलन कमी’. तपासणी घरच्या भाषेत घ्या, आणि कामावर कोणती भाषा ऐकायला मिळणार आहे ते वेगळं नोंदवा. कामाला लागणारे पंधरा-वीस हिंदी शब्द आधी शिकवता येतात.

कर्णबधिर उमेदवाराला कागदावर प्रश्न लिहून देणं म्हणजे सोय केली, असा एक समज आहे. ज्याची पहिली भाषा खुणांची आहे त्याला लिखित मराठी किंवा इंग्रजी ही परकीच भाषा असते. भारतीय सांकेतिक भाषेचा दुभाषी बोलवा. बहिणीला किंवा आईला दुभाषी म्हणून बसवलंत, तर उत्तरं तिची असतील.

हे सगळ्याच उमेदवारांना लागू आहे. पालक शेजारी असतील तर प्रश्न उमेदवाराला विचारा, आणि उत्तर यायला वेळ लागला तरी थांबा. पालकांशी नंतर स्वतंत्र बोला. त्यांच्याकडे मोलाची माहिती असते, फिट कधी येते, कशाने चिडचिड होते, कोणाशी पटतं. फक्त ती उमेदवाराच्या उत्तराच्या जागी लिहू नका.

कामाची तपासणीच झालेली नसते

उमेदवाराला पायापासून डोक्यापर्यंत तपासलेलं असतं आणि कामाबद्दल फाइलमध्ये एवढंच, ‘पॅकिंग हेल्पर’. केंद्र सरकारने जानेवारी २०२१ मध्ये दिव्यांगांसाठी योग्य ठरवलेल्या ३५६६ पदांची यादी काढली. तिच्यात प्रत्येक पदापुढे बसणं, उभं राहणं, चालणं, वाकणं, उचलणं, बोटांनी काम, पाहणं, ऐकणं, संवाद अशा गरजा नोंदवल्या आहेत. खासगी कंपनीतही ही पद्धत उचलायला हरकत नाही. मात्र यादी उतरवून काढू नका, पट्ट्याजवळ जाऊन एक शिफ्ट उभे राहा. ‘उभं राहणं आवश्यक’ असं लिहिलेल्या कित्येक कामांना उंच स्टूल पुरतं. आजवर कोणी तो मागितला नाही, एवढंच.

मालक म्हणाला की ‘आमच्याकडे प्रत्येकाने सगळं करायला हवं’, तर विचारा की गेल्या महिन्यात या माणसांनी प्रत्यक्षात काय काय केलं. कामाचा गाभा आणि सवयीने चिकटलेली कामं लगेच वेगळी होतात. वीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या खासगी आस्थापनेला दिव्यांगांसाठीच्या समान संधी धोरणात त्यांच्यासाठीची योग्य पदं आणि सोयी नमूद कराव्या लागतात, हेही त्याला सांगा.

‘देखरेखीची गरज आहे’ हे वाक्य लिहू नका

ते वाचून मालक घाबरतो, आणि खरी गरज काय ते त्याला कळत नाही. कोण, कधी, किती वेळ आणि कधीपर्यंत, एवढं तरी लिहा. उदाहरणार्थ: पहिले तीन आठवडे शिफ्टच्या सुरुवातीला वीस मिनिटं जॉब कोच (कामाच्या जागीच काम शिकवणारा) शेजारी; नंतर एका ठरावीक सहकाऱ्याने दिवसातून दोनदा थप्प्या पाहायच्या; नवं काम तोंडी सांगायचं नाही, करून दाखवायचं; महिन्याने पुन्हा बघून मदत कमी करायची. मदत कमी कशी होत जाणार ते लिहिलं नाही, तर जॉब कोच सहा महिन्यांनीही तिथंच असतो आणि अर्धं काम तोच करत असतो.

नोकरी हातची जाऊ नये म्हणून गरज लपवणारेही आहेत. त्यांची कळकळ मला समजते, पण पहिल्या अडचणीच्या दिवशी त्याची किंमत उमेदवारच मोजतो. निदान सांगायची सक्ती नाही. उमेदवाराची संमती घेऊन फक्त गरज सांगा. ‘दर दोन तासांनी दहा मिनिटं विश्रांती’ एवढं सुपरवायझरला पुरतं, आजाराचं नाव त्याला लागत नाही.

आणि प्रवास. हा मुद्दा फॉर्मच्या शेवटच्या पानावर एका ओळीत असतो, पण गोव्यात नोकरी याच्यावरच टिकते किंवा तुटते. खासगी बस पुरती थांबायच्या आत कंडक्टर शिटी मारतो, तिथं काठीवर चालणारा माणूस रोज कसा चढणार? चोडणहून फेरीबोटीने येणाऱ्या व्हीलचेअरवरच्या उमेदवाराला ओहोटीच्या वेळी धक्क्याची शेवाळलेली उतरण पार करावी लागते. दुसरी शिफ्ट सुटते तेव्हा आतल्या गावाकडे जाणारी शेवटची बस निघून गेलेली असते, आणि मोटरसायकल पायलटचं, म्हणजे दुचाकी टॅक्सीवाल्याचं, रोजचं भाडं पगारातून सुटत नाही. घरापासून गेटपर्यंतचा रस्ता उमेदवारासोबत एकदा करून पाहा, शिफ्ट सुटण्याच्या वेळी, आणि शक्य असेल तर पावसात. कंपनीची स्टाफ बस घराजवळून जात असेल तर थांबा बदलून मागा.

अडलं तर कुठं पाहायचं

उमेदवाराने दोन आठवड्यांत काम सोडलं, तर ‘कौशल्य कमी’ असा निष्कर्ष काढण्याआधी प्रवास, शौचालय, जेवणाची सुट्टी, सुपरवायझर बदलला का आणि पगार वेळेवर आला का, हे याच क्रमाने विचारा. मुलींच्या बाबतीत शौचालयाचा प्रश्न बाई असलेल्या सहकाऱ्याने विचारावा. पुरुषासमोर तो बोलला जात नाही.

घरचे अचानक ‘तिला नाही जमणार’ म्हणू लागले, तर बऱ्याचदा मागे गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचं मानधन बंद होईल ही धास्ती असते. महिन्याला खात्रीने येणारे पैसे आणि टिकेल की नाही माहीत नसलेली नोकरी, यात त्यांनी पहिलं निवडलं तर त्यांना बोल लावता येत नाही. विषय तुम्हीच काढा, आणि उत्पन्नाबाबतचा सध्याचा नियम संबंधित खात्याकडून लेखी मिळवून मगच रुजू होण्याची तारीख ठरवा.

चाचणीत चांगला असलेला मुलगा कामावर ढेपाळला, तर आवाज, उकाडा आणि उभं राहण्याचे तास पाहा. चाचणीत गप्प राहिला, तर जागा बदला आणि प्रश्न विचारणारा माणूसही बदला.

हॉटेलातल्या जागांबद्दल एक वेगळी काळजी घ्या. मे महिन्यात सीझन ओसरला की माणसं कमी होतात, आणि दिव्यांग कर्मचाऱ्याच्या फाइलवर ‘काम सुटलं’ एवढीच नोंद उरते. ऑक्टोबरमध्ये नव्या ठिकाणी पाठवताना पुन्हा पहिल्यापासून मणी ओवायच्या आणि खुंट्या बसवायच्या चाचण्या सुरू होतात. उमेदवाराविषयीचं पान आणि कामाविषयीचं पान वेगळं ठेवा. कोणत्या मदतीने काय जमलं हे पहिल्या पानावर तारखेसह राहील, त्याची एक प्रत उमेदवाराच्या स्वतःच्या हातात द्या. नवी जागा आली की फक्त दुसरं पान नव्याने भरायचं.