वेब पेज बांधावरच्या मोबाइलवर कसं दिसेल, ते बनवतानाच बघा

वरुडकडच्या संत्र्याच्या नर्सरीचं वेब पेज बनवताय? ते बघणारा शेतकरी बांधावर, भर उन्हात, मोबाइलवरच बघणार. लॅपटॉपवर झकास दिसलं म्हणून खूश होऊ नका.

व्हीएस कोड या कोड लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘लाइव्ह सर्व्हर’ हे एक्स्टेन्शन, म्हणजे जोड-सुविधा, टाका. फाइल सेव्ह केली की ब्राउझरमधलं पान आपोआप ताजं होतं. एकदा टाकल्यावर त्याला नेट लागत नाही, त्यामुळे गावात रेंज गेली तरी काम चालू.

मग क्रोममध्ये एफ१२ दाबा, कंट्रोल-शिफ्ट-एमनं फोनचा आकार आणा, रुंदी ३६० पिक्सेल ठेवा. ‘नागपुरी संत्र्याची खात्रीशीर कलमं’ असलं लांबलचक शीर्षक इथंच बेढब दिसतं. त्यावर राइट-क्लिक करून ‘इन्स्पेक्ट’ उघडा, अक्षरांच्या आकाराचा (फॉन्ट-साइझ) आकडा निवडा आणि वर-खालीचे बाण दाबत राहा; शिफ्ट धरलं तर तो १०-१०नं बदलतो. इन्स्पेक्टच्या पॅनेलमधल्या मजकुरावर डबल-क्लिक केलं की शब्दही बदलता येतात.

हे सगळं रिफ्रेश होताच पुसलं जातं, बरं का! घाईत फाइल सेव्ह करून माझी अर्ध्या तासाची मेहनत अशीच गेली. जमलेला आकडा आधी वहीत लिहा, मग सीएसएस फाइलमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या फाइलमध्ये, उतरवा.