गिळण्याचा त्रास असलेल्या व्यक्तीसाठी अन्नपाण्याचा दाटपणा घरी कसा तपासावा

अर्धांगवायूचा झटका, पार्किन्सनचा आजार किंवा तोंडा-घशाच्या कर्करोगावरील उपचार यांनंतर गिळण्याची क्रिया बिघडू शकते आणि घास किंवा घोट अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेकडे जाऊ शकतो. त्यामुळे कधी ठसका लागतो, कधी श्वास कोंडतो, तर कधी वरकरणी काहीच न जाणवता फुप्फुसात जंतुसंसर्ग होतो. अशा रुग्णाला स्पीच थेरपिस्ट (बोलण्याबरोबरच गिळण्याच्या त्रासावरही उपचार करणारे तज्ज्ञ) विशिष्ट दाटपणाचे अन्न सुचवतात. परंतु घरात ‘घट्ट’ म्हणजे किती घट्ट, हे प्रत्येक जण आपल्या नजरेने ठरवतो, आणि सकाळची पेज व रात्रीची पेज यांत मोठा फरक पडतो.

हा फरक टाळण्यासाठी ‘आयडीडीएसआय’ या आंतरराष्ट्रीय उपक्रमाने ० ते ७ अशा पातळ्या ठरवल्या आहेत. पेये ० ते ४ मध्ये येतात, अन्नपदार्थ ३ ते ७ मध्ये; ३ आणि ४ या पातळ्या दोन्हींना समान आहेत. रुग्णाला कोणती पातळी योग्य, हे तपासणीनंतर तज्ज्ञांनीच ठरवायचे असते. आपले काम आहे ते ताटात आलेला पदार्थ त्या पातळीत बसतो की नाही, हे पाहण्याचे.

पेयांसाठी १० मिलिलिटरची सिरिंज लागते. ती नवी, सुई नसलेली आणि फक्त याच कामासाठी ठेवलेली असावी. सगळ्या कंपन्यांच्या सिरिंज सारख्या नसतात, म्हणून आधी पट्टीने शून्याच्या रेषेपासून १०च्या रेषेपर्यंतचे अंतर मोजावे, ते ६१.५ मिलिमीटर असेल तरच पुढचे आकडे लागू पडतात. दट्ट्या काढून टाकावा, टोकावर बोट दाबून धरावे, १०च्या रेषेपर्यंत पेय भरावे, बोट काढताच घड्याळ सुरू करावे आणि बरोबर १० सेकंदांनी टोक पुन्हा बंद करावे. आत १ मिलिलिटरपेक्षा कमी उरले तर ते पेय पाण्यासारखे, म्हणजे पातळी ० चे. १ ते ४ मिलिलिटर उरले तर पातळी १. ४ ते ८ उरले तर पातळी २. आणि ८ पेक्षा अधिक उरूनही थोडे वाहिले असेल तर पातळी ३. काहीच वाहिले नाही तर पेय पातळी ४ चे समजून पुढे सांगितलेल्या चमच्याच्या चाचणीने खात्री करावी. पेयात गुठळी किंवा भाताचे शित असेल तर टोक तुंबते आणि पातळ पेयही दाट भासते, म्हणून अशी चाचणी बाद धरून पेय गाळून पुन्हा घ्यावी.

दाट पदार्थासाठी जेवणाचा काटा आणि चमचा पुरतो. काट्यावर घेतलेला पदार्थ दात्यांमधून हळूहळू, थेंबाथेंबाने गळत राहिला तर तो पातळी ३ चा. ढीग होऊन वर टिकला आणि खाली फार तर लहानशी शेपटी लोंबली, पण सतत गळला नाही, तर पातळी ४ चा. मग तोच पदार्थ चमच्यात घेऊन चमचा एका बाजूला कलंडवावा. आकार धरून, एखाद्या हलक्या झटक्याने तो सुटून पडला पाहिजे आणि चमच्यावर फारच थोडा राहिला पाहिजे. चिकटून बसला तर तो घशातही चिकटेल. माझ्या मते आपल्या स्वयंपाकघरासाठी हीच चाचणी सर्वांत महत्त्वाची आहे, कारण साबुदाण्याची खिचडी, उकडीच्या मोदकाची पारी, आटून गोळा झालेला शिरा हे पदार्थ मऊ म्हणून प्रेमाने भरवले जातात आणि नेमके इथेच नापास होतात.

पातळी ५ मध्ये प्रौढांसाठी कण ४ मिलिमीटरहून रुंद नसावेत. बहुतेक काट्यांच्या दात्यांमधली फट साधारण तेवढीच असते, त्यामुळे काट्याने हलके दाबताच कण सुटे होऊन फटींतून वर आले पाहिजेत. पातळी ६ मध्ये तुकडा १.५ सेंटिमीटरपेक्षा मोठा नसावा. शिजलेल्या दुधीच्या किंवा बटाट्याच्या फोडीवर काटा ठेवून अंगठ्याने, नख पांढरे पडेपर्यंत दाबावे. फोड चिरडली गेली आणि काटा उचलल्यावर पूर्ववत फुगली नाही, तर ती चालेल. लहान मुलांसाठी ही मापे पातळी ५ ला २ आणि पातळी ६ ला ८ मिलिमीटर अशी आहेत.

चाचणी पदार्थ ज्या तापमानाला खायला द्यायचा त्याच तापमानाला करावी. गरम असताना वाहणारी पेज कोमट होताच घट्ट होते; आइस्क्रीम तोंडात वितळून पाण्याइतके पातळ होते. वरण आणि ताक यांकडे विशेष लक्ष द्यावे, कारण ते स्थिर राहिले की डाळ किंवा चोथा खाली बसतो आणि वर निवळ पाणी येते. सावकाश जेवणाऱ्या रुग्णासाठी थोडे वरण वाटीत तसेच ठेवून जेवण संपण्याच्या सुमारास पुन्हा तपासावे. दुधात कुस्करलेल्या पोळीचाही धोका हाच: तुकडे वेगळे, पातळ दूध वेगळे, आणि एका घासात दोन्ही सांभाळणे रुग्णाला जमत नाही. फोडणीतली मोहरी, कढीपत्ता, मिरचीची साल ही तर गाळूनच टाकावीत.

तांदळाच्या पिठीने किंवा कॉर्नफ्लॉवरने दाट केलेले पेय लाळेतील विकरामुळे पातळ होऊ लागते. म्हणून रुग्णाच्या तोंडात गेलेला चमचा मूळ भांड्यात बुडवू नये. लागेल तेवढेच वेगळ्या वाटीत काढून घ्यावे. पेय दाट करण्यासाठी मिळणारी झँथन गमची पावडर लाळेला फारशी दाद देत नाही, मात्र ती ढवळल्यावर डब्यावर लिहिलेला वेळ थांबूनच चाचणी घ्यावी. पदार्थ एकदा पातळीत बसला की पाण्याचे माप, पावडरचे चमचे, थांबण्याची मिनिटे आणि सिरिंजमध्ये उरलेले मिलिलिटर कागदावर लिहून ओट्याजवळ लावावे, म्हणजे रात्रपाळीला येणाऱ्या आयाबाईंनाही तोच दाटपणा साधता येईल. चाचणीत बसलेला पदार्थ खातानाही ठसका लागला, आवाज ओलसर घरघरीत झाला किंवा नंतर ताप आला, तर भरवणे थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे, आणि श्वास कोंडत असेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.