तुमचा अंधबिंदू कागदावर काढा

आठवीला डोळ्याचा धडा आला की मी फळ्यावर आकृती काढण्याआधी मुलांना कागद आणि स्केचपेन काढायला सांगते. आपल्या प्रत्येक डोळ्यापुढच्या जगात एक भोक, म्हणजेच अंधबिंदू, आहे, हे ऐकून कुणाला खरं वाटत नाही. ते स्वतः शोधावं लागतं.

कोरा कागद आडवा धरा. डावीकडे काळी फुली काढा, तिच्यापासून उजवीकडे 8 सेंटिमीटरवर बोटाच्या नखाएवढा भरीव ठिपका. डावा डोळा तळहाताने झाका, दाबू नका. चष्मा असेल तर राहू द्या. उजव्या डोळ्याने फुलीकडेच बघत कागद हात लांब करून धरा आणि सावकाश जवळ आणा. साधारण 30 सेंटिमीटरवर ठिपका गायब होतो, आणखी जवळ आणला की परत येतो. होत नसेल तर नजर ठिपक्याकडे सरकते आहे. समोर कुणाला तरी बसवा, बुबुळ हललं की त्याला लगेच कळतं. डाव्या डोळ्यासाठी कागद ठिपका डावीकडे येईल असा फिरवा आणि उजवा डोळा झाका.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. ठिपक्यातून आरपार एक आडवी रेघ ओढा आणि पुन्हा बघा. ठिपका जातो, रेघ मात्र अखंड दिसते! रंगीत कागद घेतलात तर त्या जागी तोच रंग दिसतो. काळं भोक कुठेच नाही. आजूबाजूला जे आहे त्यावरून मेंदू ती जागा भरून काढतो, आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

भोक मोजायचं असेल तर टेबलावर पुस्तकं रचून त्यावर हनुवटी टेकवा. कागद समोर 30 सेंटिमीटरवर उभा चिकटवा. डावा डोळा झाकून नजर फुलीवर ठेवा, आणि जोडीदाराला पेनाचं टोक वेगवेगळ्या दिशांनी सरकवायला सांगा. टोक दिसेनासं झालं की "गेलं" म्हणा, तिथे त्याने खूण करायची. खुणा जोडल्या की उभट लंबगोल तयार होतो, जवळजवळ 3 सेंटिमीटर रुंद आणि 4 सेंटिमीटर उंच, फुलीच्या पातळीपेक्षा किंचित खाली झुकलेला.

कारण डोळ्याच्या रचनेत आहे. आपल्या दृष्टिपटलात, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्यात, प्रकाश टिपणाऱ्या पेशी मागे आणि त्यांचे संदेश नेणारे तंतू पुढे असतात. सुमारे 10 लाख तंतू एका जागी गोळा होऊन पडदा भेदून मेंदूकडे जातात. तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशी नाहीतच, ना दंडाकार, ना शंक्वाकार. ऑक्टोपसचे तंतू मागूनच निघतात, म्हणून त्याला अंधबिंदू नाही. एडमे मारिऑट या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1660 च्या दशकात आपल्या डोळ्यातला अंधबिंदू दाखवून दिला, तोही असेच कागदाचे तुकडे वापरून. दोन्ही डोळे उघडे असताना एकाचं भोक दुसरा झाकतो.

पौर्णिमेच्या रात्री गच्चीवर जा. डावा डोळा झाका, हात लांब करून चंद्राच्या डावीकडे दीड मुठीवर, थोडं वर, एखादी चांदणी किंवा खांबाचं टोक निवडा आणि तिथेच बघत राहा. अंधबिंदूचा भाग आकाशात साडेपाच अंश रुंद आहे, चंद्र जेमतेम अर्धा अंश. चंद्र त्यात सहज मावतो आणि गायब होतो. सूर्यावर हे कधीही करू नका.