बाप दुष्ट वाटला, कारण तो ऐकताना दिसलाच नाही

"कॅमेरा खालून लाव, माणूस जबरदस्त दिसतो. वरून लाव, बिचारा दिसतो." नोव्हेंबरात गोव्यातल्या इफ्फी चित्रपट महोत्सवाच्या रांगेत उभं राहिलं की लघुपट करायला निघालेल्या मुलांना कोणीतरी हे सांगत असतंच. हा सल्ला सोडून द्या. पात्राच्या मनात काय चाललंय ते कळलं नाही, तर कॅमेरा कुठूनही लावा, प्रेक्षक त्याच्यासोबत येत नाही.

आधी ठरवा, या सीनमध्ये प्रेक्षकाचा जीव कोणासाठी तुटायला हवा. एकच नाव.

कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवा. क्लोजअपला ५० किंवा ८५ मिलिमीटरची लेन्स घ्या; वाइड अँगल लेन्स तोंडाजवळ नेली की नाक मोठं दिसतं. डोळ्यांत उजेडाचा ठिपका हवा.

आता खरं काम, ऐकणारा चेहरा. इथे मी सपशेल फसलो होतो.

फोंड्याजवळच्या एका कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, शूटिंग केलं. बाप कुळागर विकायला निघालाय, मुलगी त्याच्याशी भांडते. मला बापाबद्दल कणव हवी होती. पहिल्याच खेळाला बायका म्हणाल्या, "असला कसला हो बाप!" मी संगीत बदललं, तर तो आणखीच ढोंगी वाटायला लागला. शेवटी कट मोजले. मुलगी गप्प बसून ऐकतेय, असे ९ शॉट. बापाचा एकही नाही. तो दिसायचा फक्त बोलताना. मुलीचे शब्द त्याला लागले की नाही, हे प्रेक्षकाला कळायला वावच नव्हता.

रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह यांचा शंभर वर्षांपूर्वीचा प्रयोग सगळे सांगतात. नटाचा तोच निर्विकार चेहरा सूपच्या वाडग्याशेजारी जोडला तर भुकेला वाटला, शवपेटीशेजारी जोडला तर दुःखी. भाव प्रेक्षक स्वतः भरतो. पण त्यासाठी तो चेहरा तुमच्याकडे हवा ना!

म्हणून संवादांचे शॉट झाले की त्या पात्राचा फक्त ऐकण्याचा क्लोजअप घ्या, अख्ख्या सीनभर. समोरच्या नटाने कॅमेऱ्याला खेटून उभं राहून संवाद पुन्हा मनापासून म्हणायचे. सहायकाला कागदावरून वाचायला लावू नका, ऐकणाऱ्याचे डोळे लगेच विझतात. आपल्याकडचे जत्रेच्या नाटकांत मुरलेले नट सभामंडपाच्या शेवटच्या माणसापर्यंत भाव पोचवतात. क्लोजअपमध्ये ते फार होतं. त्यांना "कमी करा" म्हणू नका, अवघडतात. हातात सुपाऱ्या द्या, निवडत बसू द्या.

एडिटिंगमध्ये टोचणारं वाक्य संपायच्या आधीच ऐकणाऱ्यावर जा. वाक्य संपल्यावरही तिथेच थांबा, निदान २ सेकंद, म्हणजे सेकंदाला २४ धरून ४८ फ्रेम. संवाद संपला की कट मारायची घाई सगळ्यांना असते. मलाही होती, आणि बाप तिथेच मेला.

माझ्याकडे तो शॉट नव्हता आणि पाऊस लागला होता, पुन्हा जाणं शक्य नव्हतं. सगळ्या टेक पुन्हा सुरुवातीपासून पाहिल्या. एका टेकमध्ये मी 'अ‍ॅक्शन' म्हणायच्या आधी बापाचं काम करणारे काका पोफळींकडे बघत बसले होते. ४ सेकंद. "बाबा, तुम्हाला याचं कधी काही वाटलंच नाही" या वाक्यावर तेवढेच लावले. पुढच्या खेळाला त्या जागी कोणी चुळबुळही केली नाही. तेव्हापासून मी टेकची सुरुवात कधी पुसत नाही. तुम्हीही पुसू नका.

संगीत सगळ्यात शेवटी, आणि या शॉटवर अजिबात नको. पोफळीतला वारा पुरतो.

मग आवाज बंद करून, गोष्ट माहीत नसलेल्या माणसाला सीन दाखवा. विचारा, कोणाला जास्त लागलं? त्याने मुलीकडे बोट दाखवलं, तर बापाचा शॉट आणखी १२ फ्रेम लांबवा आणि दुसऱ्या कोणाला तरी बोलवा.