पीएचडीच्या प्रयोगशाळेत जाताय? या चुका टाळा

माझा पहिला प्रयोग उन्हानं बिघडवला. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मे महिन्यात, भर दुपारी, हॅचरीतून कोंबडीची फलित अंडी मोटारसायकलवर जळगावला आणली. 38 अंशांवर इन्क्युबेटरमध्ये ठेवली, 33 तासांनी उघडली. एका गर्भाला सोमाइटच्या (पाठीच्या दोन्ही बाजूंना ओळीनं तयार होणाऱ्या, वाढीसोबत संख्या वाढत जाणाऱ्या ठोकळ्यांच्या) सात जोड्या, दुसऱ्याला पंधरा! तीन आठवडे मी स्वतःच्या हातालाच दोष देत होते.

कोंबडीचा गर्भ साधारण 21 अंशांच्या वर हळूहळू वाढू लागतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या पार. म्हणजे अंडी इन्क्युबेटरमध्ये जाण्याआधी, रस्त्यातच वाढ सुरू झालेली.

म्हणून अंडी पहाटे आणा, 13 ते 15 अंशांवर ठेवा आणि आठवड्याच्या आत वापरा. गर्भाचं वय नुसतं तासांत लिहू नका. हॅम्बर्गर आणि हॅमिल्टन यांनी 1951 साली मांडलेले 46 टप्पे आहेत, त्यातला टप्पा लिहा. इन्क्युबेटरमध्ये वेगळा कमाल-किमान तापमापक ठेवा, रात्री लाईट गेली होती की नाही ते सकाळी कळतं. आणि किराणा दुकानातली अंडी नकोत; ती बहुधा फलित नसतात.

हे सगळं शेजारच्या खोलीतल्या सीनियर ताईंनी पाच मिनिटांत सांगितलं. तीन आठवडे गेले ते मी विचारलं नाही म्हणून. इंग्रजी अडखळतं, आपण खेड्यातून आलो, लोक काय म्हणतील, हा संकोच आपली मुलं पुण्या-बंगळुरूपर्यंत सोबत नेतात. मला याचं फार वाईट वाटतं.

गाइड निवडताना तेच होतं. एनसीसीएस, आयसर, सीसीएमबी, एनसीबीएस ही मोठ्या संशोधन संस्थांची नावं ऐकून आपण हरखतो आणि चौकशी राहून जाते. तिथल्या जुन्या विद्यार्थ्यांना फोन करा. पदवीला किती वर्षं लागली? सर किंवा मॅडम आठवड्याला भेटतात का? पेपरवर, म्हणजे शोधनिबंधावर, पहिलं नाव कुणाचं लागतं? जेआरएफची (ज्युनियर रिसर्च फेलोशिप) दोन आणि एसआरएफची (सीनियर रिसर्च फेलोशिप) तीन, अशी फेलोशिप पाचच वर्षांची. 2023 पासून महिना 37,000, पुढे 42,000 रुपये आणि घरभाडं. सहाव्या वर्षी प्रयोग चालू असतो, पैसे बंद झालेले असतात.

प्रयोगशाळेत पेशी वाढवताना सगळ्यात महाग पडतं ते मायकोप्लाझ्मा या अतिसूक्ष्म जिवाणूची लागण लपवणं. पेशी ज्यात वाढतात ते माध्यम गढूळ होत नाही, साध्या सूक्ष्मदर्शकात काही दिसत नाही, पेशी नुसत्या मंदावतात. पेनिसिलिन जिवाणूच्या पेशीभित्तिकेवर घाव घालतं; मायकोप्लाझ्माला ती नसल्यानं तेही निरुपयोगी. महिन्यातून एकदा पीसीआर, म्हणजे जिवाणूचा डीएनए शोधणारी चाचणी, करा. लागण निघाली तर त्याच दिवशी सगळ्यांना सांगा आणि त्या पेशी नष्ट करा. रागावतील, रागावू द्या. गप्प राहिलात तर एकाच हूडवर (पेशी हाताळायच्या निर्जंतुक कपाटावर) काम करणाऱ्या चौघांचं वर्ष जातं.

पोस्टडॉकची, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या जागेची, शोधाशोध थिसिस जमा केल्यावर नको, वर्षभर आधी हवी. ‘रिस्पेक्टेड सर’ म्हणत एकच मजकूर पन्नास जणांना पाठवू नका. पाचच प्रयोगशाळा निवडा, त्यांचे पेपर वाचा आणि पत्रात तुमचा एक प्रश्न लिहा, जो त्यांच्याकडेच सोडवता येईल. पेपर अजून छापून आला नसेल तर प्रीप्रिंटचा (छापण्याआधी ऑनलाइन ठेवलेल्या प्रतीचा) दुवा द्या. दोन आठवड्यांत उत्तर आलं नाही तर पुन्हा एकदा पाठवा.